मेजर गिल आणि बिननावाची माणसे

फैजपूरहून भुसावळला जाणाऱ्या प्रत्येकाला तेथील रेल्वे जंक्शन ठाऊक असते; पण अजिंठा जगाला दाखवणारे मेजर रॉबर्ट गिल त्याच गावी चिरनिद्रा घेत आहेत, हे थोड्यांनाच माहीत असते.

१८०४ साली लंडनमध्ये जन्मलेले गिल मद्रासच्या फौजेत अधिकारी होते. १८४४ मध्ये कंपनी सरकारने त्यांना अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम दिले. लेण्यांतल्या अंधारात बसून त्यांनी वर्षानुवर्षे ते केले. लंडनला पाठवलेल्या त्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. उमेदीच्या वर्षांची राख झाली!

सुदैवाने तोवर त्यांनी कॅमेराही हाती घेतला होता. १८६४ मध्ये त्यांचे फोटो ग्रंथरूपाने निघाले. त्या काळी काचेवर रसायन लावून ते ओले असतानाच फोटो घ्यावा व धुवावा लागे. फोटो घेतला जात असेपर्यंत समोरच्या माणसाने हालायचे नाही! वाघूरच्या दरीतले डोंगर आणि लेणी टिपताना गिल यांनी काही ठिकाणी माणसेही उभी केली. त्यांच्यामुळे खांबांची उंची कळते.

माझी नजर मात्र खांबांवरून त्या माणसांकडेच वळते. गिल यांची सहचरी पारो १८५६ मध्ये वारली. अजिंठा गावातील थडग्यावर तिचे नाव तरी कोरलेले आहे. मोजपट्टीसारख्या उभ्या राहिलेल्या या माणसांना तेवढेही लाभले नाही. तीही कुणाचे आजे-पणजेच ना?

१८७९ मध्ये गिल वारले. त्यांच्या फोटोंत लेण्यांबरोबर आपली माणसेही उरली, हे त्यांचे आपल्यावरचे मोठे ऋण आहे.