मिलिंदचे शिल्पकार

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की घटनेचा ग्रंथ हाती घेतलेला पुतळा आपल्या डोळ्यांपुढे येतो. मला मात्र त्यांच्या चरित्रातील एक वेगळेच पान जवळचे वाटते, कारण त्याचा संबंध आमच्या बीदर भागाशी आहे.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. शाळेत त्यांना वेगळे बसावे लागे. पुढे बडोद्याची शिष्यवृत्ती, १९१३ साली कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन, हे आपल्याला पाठच आहे. योगायोग असा की, बाबासाहेबांच्या जन्माच्याच वर्षी, १८९१ मध्ये, ३ मार्चला अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्याने एलिझाबेथ सिटी या किनाऱ्यालगतच्या लहानशा गावी काळे शिक्षक तयार करणारी शाळा काढण्याचा कायदा केला. गोऱ्यांच्या शाळांची दारे त्यांना बंद होती! त्या शाळेचेच आज सरकारी विद्यापीठ झाले आहे. तिकडच्या काळ्या जनतेच्या लढ्यावर बाबासाहेबांचे लक्ष होते. १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस या विद्वान पुढाऱ्यास पत्रही लिहिले होते.

१९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि मग त्यांनी निवडले औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर). औरंगाबादच का? आपले बीदर-गुलबर्गा आणि सारा मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. पदवी घ्यायची तर मुख्यतः हैदराबाद गाठायचे, तेही निजामाच्या काळात उर्दूतून. खेड्यातल्या दलित मुलाने तिथवर पोचायचे कसे?

जून १९५० मध्ये महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी कोनशिला बसविली. प्रकृती खालावत असतानाही बाबासाहेब येत आणि बांधकामावर स्वतः देखरेख करीत. प्रवेश सर्व जातींच्या मुलांना होता. एलिझाबेथ सिटीत काळ्या-गोऱ्यांनी एका वर्गात बसणे त्या काळी कायद्यालाच मंजूर नव्हते. हा फरक मला फार मोठा वाटतो.

महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद हा ग्रीक राजा, विद्वत्तेचा मोठा गर्व असलेला. पण भिक्षू नागसेनाने निरुत्तर करताच त्याने हार मानली. परिसर झाला नागसेनवन. राजापेक्षा त्याला हरविणाऱ्याच्या वाट्याला अधिक जागा आली म्हणायची!

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. आमच्या गावचे एक गुरुजी त्यानंतरही परळी-परभणी करीत औरंगाबादला पोचले आणि नागसेनवनातल्या वसतिगृहात राहून पदवी घेऊन आले. त्यांच्या घरात तोवर कोणाला सही करता येत नव्हती.