जनरल कार्लोस रोमुलो : एका शब्दासाठी भांडलेला माणूस



रॅमन मॅगसेसे हे नाव आपल्या मुलांच्या कानावर असतं, कारण त्यांच्या नावाचा पुरस्कार विनोबांना आणि बाबा आमटेंना मिळाला. त्याच फिलिपिन्स देशातल्या आणखी एका माणसाची आज ओळख करून घेऊया. हे मूळचे आपल्याच पेशातले!

कार्लोस रोमुलो यांचं बालपण तारलाक प्रांतातल्या कामिलिंग गावी गेलं. स्पेनची सत्ता संपली आणि लगेच अमेरिकेची आली, तो हा काळ. वडील ग्रेगोरिओ अमेरिकी फौजेशी लढलेले. मुलगा मात्र अमेरिकनांच्याच राज्यात इंग्रजी शिकला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाऊन आला आणि फिलिपिन्स विद्यापीठात इंग्रजी शिकवू लागला. पुढे ते संपादक झाले. १९४१ मध्ये हाँगकाँगपासून बटाव्हियापर्यंत, म्हणजे आजच्या जकार्तापर्यंत, फिरून त्यांनी गुलाम देशांची खदखद लिहून काढली. त्या लेखमालेला १९४२ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

त्याच सुमारास जपानने फिलिपिन्सवर हल्ला केला. रोमुलो जनरल मॅकआर्थर यांच्या हाताखाली गेले. कोरेगिडोर बेटावरून ते रेडिओवर बोलत आणि लोकांना धीर देत. म्हणजे हातात बंदुकीपेक्षा माइकच जास्त! एप्रिल १९४२ मध्ये बाटान पडलं, तेव्हा शेवटच्या विमानांपैकी एकातून ते निसटले. पत्नी आणि चार मुलं मागेच राहिली; त्यांची भेट व्हायला १९४५ साल उजाडलं. दरम्यान ते ब्रिगेडियर जनरल झाले आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये मॅकआर्थर यांच्याबरोबर लेते बेटावर उतरले.

आता मुलांना आवर्जून सांगावा असा प्रसंग. १९४५ मध्ये सॅनफ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद तयार होत होती. विश्वस्त प्रदेशांचं अंतिम ध्येय काय, यावर वाद चालला होता. मोठ्या सत्तांना स्वयंशासन हा शब्द पुरेसा वाटत होता. रोमुलो अडून बसले, की सोबत स्वातंत्र्य हाही शब्द हवा. त्यांचा स्वतःचा देश अजून स्वतंत्र नव्हता बरं का. तो झाला ४ जुलै १९४६ ला. तरीही विश्वस्त प्रदेशांच्या प्रकरणात तो शब्द आला. आपल्याकडे वसाहतीचं स्वराज्य आणि संपूर्ण स्वराज्य यांतला फरक मुलं इतिहासात शिकतातच. हे उदाहरण त्याला जोडून घेता येईल.

१९४९ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले आशियाई. १९५० मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी सोडून त्यांनी मॅगसेसेंना पाठिंबा दिला. नंतर ते फिलिपिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, मार्कोस यांच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री झाले आणि १९६८ पासून पुन्हा परराष्ट्रमंत्री.

इथपर्यंत वाचून आपण वही मिटतो. पण मिटू नका.

सप्टेंबर १९७२ मध्ये मार्कोस यांनी लष्करी कायदा लावला. वृत्तपत्रं बंद पडली, पत्रकार तुरुंगात गेले. आणि एकेकाळचा हा संपादक मंत्रिपदावर राहिला, परदेशात त्या राजवटीची बाजू मांडत राहिला. १९८४ मध्ये त्यांनी पद सोडलं आणि डिसेंबर १९८५ मध्ये ते गेले. दोनच महिन्यांनी लोकांनी रस्त्यावर उतरून मार्कोस यांना घालवलं.

आपण जीवनचरित्र शिकवताना बऱ्याचदा फक्त चांगलं तेवढं ठेवतो. मुलांना आदर्श हवा, हे खरंच. पण अर्धं आयुष्य गाळलं, तर मूल मोठं झाल्यावर तो भाग स्वतःच वाचतं आणि मग त्याचा आपल्यावरचाच विश्वास उडतो. त्यापेक्षा दोन्ही सांगा. सातवी-आठवीच्या वर्गात एवढंच विचारा, की एका शब्दासाठी मोठ्या देशांशी भांडणारा माणूस स्वतःच्या घरात तोच शब्द दडपला जात असताना मंत्रिमंडळात का बसून राहिला असेल? उत्तर लगेच सांगू नका. मुलांना घरी जाऊन आई-बाबांशी बोलू द्या. आणि पालकहो, तुम्हीही उत्तराची घाई करू नका.