सूर बदलणारा ऑर्सन वेल्स

घरी मराठी आणि पेठेत कन्नड बोलताना माझा सूर आपोआप पालटतो. म्हणूनच ऑर्सन वेल्सचे चरित्र मला जवळचे वाटले.

१९१५ साली अमेरिकेतील केनोशा गावी जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षीच आईवडिलांना पारखा झाला. पुढे रंगभूमीने आणि रेडिओने त्याला हात दिला. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी, अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्याने एच. जी. वेल्सची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी नभोनाट्यरूपात सादर केली. १८९८ च्या त्या कादंबरीत निवेदक संकट सरल्यावर सावकाश आठवणी सांगतो. नभोनाट्यात मात्र इंग्लंडचे न्यू जर्सी झाले आणि नाचाचे संगीत तोडून ताज्या बातम्या येऊ लागल्या. भूतकाळाचा वर्तमानकाळ झाला! उत्तरार्धात संथ निवेदन परतले. पण तोवर काही श्रोते घाबरले होते. वृत्तपत्रांनी ती घबराट आणखी फुगवली. वेल्सला दिलगिरी व्यक्त करावी लागली, तरी त्याच गाजावाजाने त्याची हॉलिवूडची वाट सोपी केली. १९४१ साली ‘सिटिझन केन’ आला. १९८५ मध्ये तो वारला.

बातमीच्या सुरात सांगितलेले सारे मी खरे धरीत असे. आता मी आधी सूर तपासतो, मग मजकूर.