घरोघरचे रुमाल सोडणारे इतिहासाचार्य राजवाडे

सिल्वासात स्थिरावलेल्या आपल्या घरांमध्ये मुले हमखास एक प्रश्न विचारतात: आपण मूळचे कुठले? आपण गावाचे नाव सांगतो. फार तर आजोबांचे आणि पणजोबांचे नाव सांगतो आणि तिथे थांबतो. त्यापुढची माहिती गावाकडच्या घरात, माळ्यावरच्या एखाद्या पेटीत असते किंवा केव्हाच रद्दीत गेलेली असते. अशा पेट्या उघडून पाहण्यात ज्यांनी सारे आयुष्य घालवले, त्या इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांची ओळख आज करून घेऊ.

राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा. घराणे कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसईचे. वडील लहानपणीच गेले. शिक्षण पुण्यात झाले आणि डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. काही दिवस शिक्षकाची नोकरी केली, पण ती त्यांना मानवली नाही. परभाषांतील ग्रंथ मराठीत यावेत म्हणून त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. तरुण वयातच पत्नी वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

वाईत एका घरी जुन्या कागदांचा साठा हाती लागला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. ती पत्रे पानिपतच्या आधीच्या धामधुमीची होती. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला, त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले.

त्या काळी सरकारच्या ताब्यातील पेशवे दफ्तर संशोधकांना मोकळे नव्हते. मग कागद शोधायचे कुठे? राजवाडे यांनी सरळ घरे गाठली. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी, मठ, देवस्थाने, सरदारांचे पडके वाडे. सामान मोजके, स्वयंपाक स्वतःच्या हाताने, आणि बराच प्रवास पायी. कागद फडक्यात बांधून ठेवण्याची आपल्याकडे रीत होती. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. तो सोडायचा, मोडी वाचायची, नक्कल करायची आणि पुढच्या गावाला निघायचे.

घरचे लोक सहजासहजी कागद दाखवत नसत. वतनाचा किंवा इनामाचा कागद परक्याच्या हाती गेला तर हक्कच जाईल, अशी भीती असे. काही ठिकाणी दप्तरांना वाळवी लागलेली असे, काही ठिकाणी ती आधीच नदीत सोडलेली किंवा वाण्याकडे पुड्या बांधायला गेलेली. एका घराने कागद टाकले की तेवढा इतिहास कायमचा गेला, हे राजवाडे यांनी पुन्हा पुन्हा पाहिले. म्हणूनच ते घाईत असत आणि पुष्कळदा रागातही.

हे काम एकट्याचे नाही हे ओळखून १९१० साली त्यांनी सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्याबरोबर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. परंतु स्वभाव फटकळ, मतभेद झाला की तडजोड नाही. आपणच उभ्या केलेल्या मंडळापासून ते दूर झाले आणि शेवटी धुळ्याला राहिले. जातिवंशांविषयीची त्यांची काही अनुमाने पुढच्या अभ्यासकांनी मान्य केली नाहीत, हेही सांगायला हवे. त्यांनी वाचवलेले कागद मात्र आजही अभ्यासकांच्या कामी येतात.

आपल्या परिसराशी त्यांचा जवळचा संबंध येतो तो ‘महिकावतीच्या बखरी’मुळे. ही बखर त्यांनी १९२४ साली संपादून प्रसिद्ध केली. तिच्यात उत्तर कोकणातील बिंब राजांची हकिगत आहे, तशीच त्यांच्याबरोबर आलेल्या कुळांची आणि आडनावांची नोंदही आहे. कोण कुठून आले आणि कुठे वसले, हाच त्या बखरीचा एक मोठा विषय. राजवाडे यांनी जोडलेल्या लांब प्रस्तावनेत वारली, कातकरी, ठाकर, कोळी, दुबळा अशा समाजांचाही विचार आहे. यांतले वारली, दुबळा, कोळी हे तर आपले इथले शेजारी. आपण येण्याच्या कितीतरी आधीपासून ही भूमी त्यांची आहे, याची आठवण त्या पानांतून होते.

नगर हवेलीचा इतिहासही अशाच एका कागदाशी बांधलेला आहे. पेशवाई आणि पोर्तुगीज यांच्यात १७७९ साली तह झाला. त्यानुसार या मुलखातील काही गावांचा महसूल पोर्तुगिजांना मिळाला आणि १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली. ती मोकळी व्हायला १९५४ साल उजाडावे लागले.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात राजवाडे यांचे निधन झाले. ना घरदार, ना संपत्ती. मागे राहिले ते कागदांचे ढीग. ते सांभाळण्यासाठी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. आपल्यापैकी खानदेशातील कुटुंबांनी गावी जाता-येता तिथे अवश्य डोकावावे.

आणि सर्वांनाच एक विनंती. यंदा गावी गेलात आणि जुने घर आवरायला काढले, तर मोडीतले कागद, जुन्या पावत्या, सातबारा, लग्नपत्रिका, पत्रे वाचता आली नाहीत म्हणून टाकू नका. कोरड्या जागी ठेवा, मोबाईलवर फोटो काढा, मोडी जाणणाऱ्याला दाखवा. नाशिक-त्र्यंबकला गेलात तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपल्या घराण्याची नोंद आहे का ते विचारा. घरातल्या सर्वांत वयस्कर आजींजवळ बसून नावे लिहून घ्या, त्यांच्या माहेरचीही. राजवाडे आता दारात येणार नाहीत. आपल्या घरचा रुमाल आपल्यालाच सोडायचा आहे.