फाशी गेलेला संपादक

१६ ऑक्टोबर १९४६. जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गच्या तुरुंगात नाझी राजवटीतल्या दहा जणांना फाशी दिली गेली. त्यात मंत्री होते, सेनाधिकारी होते आणि एक साप्ताहिकवालाही होता. युलियस श्ट्रायखर त्याचं नाव.

१८८५ मध्ये बव्हेरियातल्या एका खेड्यात जन्मलेला श्ट्रायखर पेशाने शाळामास्तर. पहिल्या महायुद्धात लढून आला, राजकारणात शिरला आणि १९२३ मध्ये त्याने ‘डेर श्ट्युर्मर’ हे साप्ताहिक सुरू केलं. सोपी भाषा, भडक मथळे, ज्यूंची विद्रूप व्यंगचित्रं आणि बिनबुडाच्या कंड्या, असा सगळा मसाला. अंक विकत घ्यायलाच हवा असंही नव्हतं. पुढे पुढे तर तो चौकाचौकांत, बसस्टॉपवर पेट्यांमध्ये लावलेला असायचा. येता-जाता कुणीही वाचावा.

तेव्हा कायदा नव्हता का? होता ना! नाझी सत्तेवर येण्याआधी त्याच्यावर खटले झाले, तुरुंगवासही झाला. पेपर काही थांबला नाही. १९३३ मध्ये तर सत्ताच त्याच्या पक्षाकडे आली.

१९४० मध्ये पक्षातलं पद गेलं, तरी साप्ताहिक सुरूच राहिलं. न्यूरेम्बर्ग खटल्यात युद्धाच्या कटाच्या आरोपातून तो सुटला. पण ज्यूंची कत्तल चालू आहे हे ठाऊक असूनही त्याने त्यांना संपवण्याची चिथावणी दिली, म्हणून मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात दोषी ठरला. त्याच खटल्यात रेडिओवरचा नाझी प्रचारक हान्स फ्रित्शे मात्र सुटला. ज्यूद्वेष त्याच्याही भाषणांत होता, पण संहाराची चिथावणी न्यायालयाला दिसली नाही.

ही रेष कुठे मारायची, यावर आजही देशादेशांत एकमत नाही. जर्मनीत वंशावरून द्वेष भडकावणं गुन्हा आहे, ज्यूंचा संहार झालाच नाही असं जाहीरपणे म्हणणंही. अमेरिकेत १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालानंतर नुसत्या वंशद्वेषी भाषणाला शिक्षा नाही. लगेच बेकायदा कृत्य घडवण्याचा हेतू आणि तशी शक्यता, दोन्ही लागतं. आपल्या भारतीय न्याय संहितेत वंश, धर्म, भाषा यांवरून वैर पसरवणं गुन्हा आहे.

श्ट्रायखरचा निकाल लागला तेव्हा सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले होते. कायद्याने कधी हात घालायचा, यावर वाद जरूर घालूया. पण त्या पेट्यांसमोर थांबून वाचणारे कुठल्याच खटल्यात आरोपी नव्हते, हेही विसरायला नको.