विश्लेषण : क्रूझ कंट्रोल शोधणारे दृष्टिहीन इंजिनीअर राल्फ टीटर कोण होते? त्यांचे यंत्र कधी वापरावे, कधी बंद ठेवावे?

नागपूरहून मुंबईकडे निघालेली गाडी समृद्धी महामार्गावर चढली, की अनेक चालकांचा अंगठा स्टीअरिंगवरच्या एका छोट्या बटणाकडे जातो. ७०१ किलोमीटरचा रस्ता, मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा, सिग्नल नाहीत, वळणेही मोजकीच. क्रूझ कंट्रोल लावले की उजवा पाय मोकळा. पूर्वी महागड्या गाड्यांपुरती असलेली ही सोय आता बऱ्याच छोट्या गाड्यांतही मिळते. ज्यांनी ती शोधली त्या राल्फ टीटर यांना मात्र समोरचा रस्ता दिसत नव्हता. वयाच्या पाचव्या वर्षी झालेल्या अपघाताने त्यांची दृष्टी गेली होती. या यंत्राला काय कळते आणि काय कळत नाही, हे समजून घ्यायचे तर टीटर यांच्या आयुष्यापासूनच सुरुवात करायला हवी.

दृष्टी गेली, वर्कशॉप सुटले नाही

टीटर यांचा जन्म १७ ऑगस्ट १८९० रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील हेगर्सटाउन या छोट्या गावी झाला. घर कारागिरांचे. काका चार्ल्स टीटर यांनी रेल्वेरुळांच्या तपासणीसाठी रुळांवरून चालणारी सायकल तयार केली होती आणि त्यातूनच कुटुंबाचा कारखाना उभा राहिला. पुढे तो इंजिनांकडे आणि मग पिस्टन रिंगकडे वळला. म्हणजे लेथ, कानस, ड्रिल ही या मुलाची खेळणीच होती.

पाच वर्षांचा असताना वर्कशॉपमध्ये हातातला चाकू सटकून राल्फच्या एका डोळ्यात घुसला. वर्षभरात दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली. एका डोळ्याला खोल जखम झाली की शरीराची प्रतिकारयंत्रणा कधी कधी चांगल्या डोळ्यावरही हल्ला करते. त्या काळी त्यावर इलाज नव्हता.

आई-वडिलांनी मात्र मुलाला घरात बसवून ठेवले नाही. गावातल्या इतर मुलांसारखेच त्याला वाढवले, यंत्रांना हात लावू दिला. बाराव्या वर्षी या मुलाने चक्क एक छोटी मोटारगाडी बांधली. ते साल १९०२ होते. फोर्डची ‘मॉडेल टी’ बाजारात यायला अजून सहा वर्षे होती.

इंजिनीअरिंगला प्रवेश मिळवणे सोपे नव्हते. ड्रॉइंग, प्रयोगशाळा, कार्यशाळा हे सगळे न पाहणारा विद्यार्थी कसा करणार, हा प्रश्न महाविद्यालयांना पडला होता. अखेर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने दार उघडले. तिथेच शिकत असलेल्या नात्यातील बहिणीने, नेव्हा डिअरडॉर्फ यांनी, त्यांना अभ्यासात मदत केली. १९१२ मध्ये टीटर मेकॅनिकल इंजिनीअर झाले.

बोटांना काय कळत होते?

पहिल्या महायुद्धात टीटर यांनी जहाजबांधणीच्या कामात उडी घेतली. अमेरिकी नौदलाच्या विनाशिकांमध्ये स्टीम टर्बाइन बसवले जात होते आणि त्यांचे रोटर संतुलित करणे ही मोठी डोकेदुखी होती. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांनी ‘बॅलन्सिंग’चे प्रॅक्टिकल केलेले असते. फिरणाऱ्या भागाचे वजन एका बाजूला किंचित जरी जास्त असले, तरी वेग वाढताच थरथर सुरू होते. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या रोटरमध्ये ही थरथर बेअरिंगचा चुरा करते. टीटर यांनी हे रोटर संतुलित करण्याची पद्धत बसवून दिली. कंपन बोटांनी ओळखण्याची सवय या माणसाला लहानपणापासूनची होती.

युद्धानंतर ते गावी परतले आणि घरच्या कारखान्याच्या इंजिनीअरिंग विभागात रुजू झाले. ‘परफेक्ट सर्कल’ या नावाने ही कंपनी पिस्टन रिंगसाठी देशभर ओळखली गेली. १९३६ मध्ये मोटार इंजिनीअरांच्या ‘एसएई’ या संस्थेचे ते अध्यक्ष झाले आणि १९४६ मध्ये स्वतःच्या कंपनीचेही. क्रूझ कंट्रोल नसते, तरी मोटार उद्योगाच्या इतिहासात त्यांचे नाव राहिलेच असते.

वकिलाच्या गाडीत नेमके काय झाले?

मोठेपणी टीटर गाडीत चालकाशेजारी बसत. त्यांचे पेटंट वकील हॅरी लिंडसे यांना गाडी चालवताना गप्पा मारायची सवय होती. लिंडसे बोलायला लागले की गाडी हळू होई, ऐकायला लागले की पुन्हा वेग घेई. डोळ्यांनी बाहेरचे दृश्य पाहणाऱ्या प्रवाशाच्या हे कदाचित लक्षातही आले नसते. टीटर यांना मात्र प्रत्येक हिसका जाणवत होता. माणसाचा पाय एकसारखा दाब ठेवू शकत नाही, त्यासाठी यंत्र हवे, हे त्यांच्या मनाने घेतले.

पुढे दुसऱ्या महायुद्धाने त्या कल्पनेला आणखी बळ दिले. टायरचे रबर आणि पेट्रोल वाचवण्यासाठी १९४२ मध्ये अमेरिकेत ताशी ३५ मैलांची, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरची वेगमर्यादा घालण्यात आली. ती पाळायची तर नजर सतत स्पीडोमीटरवर हवी. ते काम पायालाच समजेल असे करता येईल का, या दिशेने टीटर यांचे प्रयोग चालले. बरीच वर्षे चाचण्या घेऊन झाल्यावर २२ ऑगस्ट १९५० रोजी त्यांना पेटंट मिळाले.

यंत्र कसे चालत होते?

हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण मुख्य मुद्दा इथे आहे. चालक डॅशबोर्डवरच्या खटक्याने वेग ठरवी. गाडीच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवरून एक गव्हर्नर फिरे. गव्हर्नर म्हणजे फिरणारी वजने. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात. जेम्स वॉट यांनी वाफेच्या इंजिनात अठराव्या शतकातच हे तंत्र वापरले होते. ठरलेला वेग गाठला की ही वजने स्प्रिंगचा ताण मोडून काढत आणि इंजिनाच्या निर्वात दाबावर चालणारा पिस्टन ॲक्सिलरेटरचे पेडल उलट वर ढकलू लागे.

म्हणजे पहिले यंत्र गाडी चालवत नव्हतेच. ते फक्त पायाला अडवत होते. पाय पेडलवर ठेवावाच लागे. जोर लावला तर वेग वाढवताही येई, पण आपण मर्यादा ओलांडतो आहोत हे तळव्याला कळे. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ताशी ८० किलोमीटरनंतर ‘बीप’ वाजणे सक्तीचे झाले, त्याचेच हे जुने भावंड. फरक इतकाच, की बीप कानाला ऐकू येतो आणि गाण्यात बुडूनही जातो.

वेग पकडून ठेवणारा, पाय उचलला तरी गाडी त्याच वेगाने नेणारा भाग टीटर यांनी नंतर जोडला. त्यासाठी विद्युतचुंबकाचा उपयोग केला. ब्रेकला हलका स्पर्श झाला की पकड सुटे. आजच्या गाड्यांत गव्हर्नरची जागा सेन्सर आणि सॉफ्टवेअरने घेतली आहे, पण ब्रेक दाबताच क्रूझ सुटण्याचा नियम तोच आहे.

नाव बदलले आणि घोळ झाला

टीटर यांच्या यंत्राला कंट्रोलमॅटिक, टचोमॅटिक, प्रेसोमॅटिक अशी नावे सुचवली गेली. शेवटी ‘स्पीडोस्टॅट’ ठरले. वेग स्थिर ठेवणारे ते स्पीडोस्टॅट, सरळ आणि प्रामाणिक नाव. १९५८ मध्ये क्रायस्लरने इम्पिरियल, न्यूयॉर्कर आणि विंडसर या गाड्यांत ते दिले, पण जाहिरातीसाठी नाव ठेवले ‘ऑटो पायलट’. जे यंत्र ना रस्ता पाहते, ना वळते, ना ब्रेक लावते, त्याला वैमानिक म्हणणे म्हणजे सरळ फसगत होती, असे या लेखकाला वाटते. ‘क्रूझ कंट्रोल’ हे आज रूढ झालेले नाव कॅडिलॅकचे. १९६० पर्यंत कॅडिलॅकच्या सर्व गाड्यांत ते उपलब्ध झाले.

तरीही बरीच वर्षे ही श्रीमंतांची चैनच राहिली. १९७३ च्या तेलसंकटाने चित्र पालटले. पेट्रोल वाचवण्यासाठी १९७४ मध्ये अमेरिकेने ताशी ५५ मैलांची राष्ट्रीय मर्यादा घातली. मग एकसारख्या वेगाने जाऊन इंधन वाचवणारे यंत्र अचानक सगळ्यांना हवेसे झाले.

मग फायदा कुठे, धोका कुठे?

सपाट, मोकळ्या रस्त्यावर फायदा खरा आहे. सारखे वेग घेणे आणि सोडणे थांबते, पेट्रोल कमी जळते, पायाला कळ लागत नाही आणि नकळत मर्यादा ओलांडून ई-चलान येण्याची भीती कमी होते. टीटर यांना जाणवणारे हिसकेही जातात. मागे बसलेल्या आजी-आजोबांना हे विचारून पाहावे.

पण साध्या क्रूझ कंट्रोलला फक्त एकच गोष्ट कळते, ती म्हणजे गाडीचा स्वतःचा वेग. समोर ट्रक उभा आहे की म्हैस, हे त्याला कळत नाही. ताशी १०० किलोमीटरला गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते, १२० ला ३३ मीटर. सीटखाली दुमडून ठेवलेला पाय ब्रेकपर्यंत येण्यात तो सेकंद जातो. म्हणून क्रूझवर असतानाही पाय ब्रेकजवळच हवा.

पावसात ते बंदच ठेवावे. साचलेल्या पाण्यावर चाकांची पकड सुटली, की आपण सहज ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. क्रूझवर पाय आधीच काढलेला असतो आणि यंत्र मात्र इंजिनाला वेग राखायला सांगतच असते. घाटातही तेच. चढावर ते वेग टिकवण्यासाठी इंधन ओतत राहते, उतारावर साधे क्रूझ ब्रेक लावत नाही, त्यामुळे गाडी ठरवलेल्या वेगाच्या पुढे पळू शकते. खंडाळ्याच्या घाटात ते सुरू ठेवण्याला काही अर्थ नाही. गर्दीच्या रस्त्यावरही वापरू नये, असे गाड्यांच्या माहितीपुस्तिकांतच लिहिलेले असते; ते पान कोणी उघडत नाही इतकेच.

तिसरा धोका डुलकीचा. लांबलचक सरळ रस्ता, एकच वेग, पायाला काम नाही; अशाने डोळे उघडे असूनही लक्ष सुन्न होते. समृद्धीच्या निमित्ताने ‘हायवे हिप्नोसिस’ हा शब्द मराठी वाचकांना परिचित झालाच आहे. दर दीड-दोन तासांनी थांबणे हाच यावर उपाय. रडारने पुढच्या गाडीचे अंतर ओळखून वेग कमी करणारे ‘अडॅप्टिव्ह’ क्रूझही आता आले आहे. मर्सिडीजने १९९९ मध्ये एस-क्लासमध्ये ते दिले. पण गाडीत साधे क्रूझ आहे की अडॅप्टिव्ह, हे खात्री करून घ्यावे. दोन्हींची बटणे बरीचशी सारखी दिसतात.

टीटर १९५७ पर्यंत परफेक्ट सर्कलचे अध्यक्ष होते. इंजिनीअरिंग शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकांसाठी ‘एसएई’तर्फे त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. १५ फेब्रुवारी १९८२ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९८८ मध्ये अमेरिकेच्या ‘ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचे नाव घेण्यात आले. तोवर त्यांचे बटण तिकडच्या लाखो गाड्यांत बसले होते.