औषधांचे शोधक डॉ. सुब्बाराव

बालमित्रांनो, आपल्याला शाळेत लोहाची गोळी देतात ना? त्या गोळीत फॉलिक आम्ल नावाचे आणखी एक औषध असते. हे औषध प्रयोगशाळेत बनवण्याची रीत ज्या मंडळींनी शोधली, त्यांचे प्रमुख एक भारतीय होते. त्यांचे नाव डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे झाला. घरची गरिबी होती. लहानपणी ते एकदा घरातून पळाले. काशीला जायचे, यात्रेकरूंना केळी विकायची आणि खूप पैसे मिळवायचे, असा त्यांचा बेत होता! पण त्यांना वाटेतूनच परत आणले आणि आईने अभ्यासाला बसवले. पुढे वडील वारले. मॅट्रिकला ते दोनदा नापास झाले, तरी आईने धीर सोडला नाही. तिसऱ्या खेपेस ते पास झाले व मद्रासच्या मेडिकल कॉलेजात गेले. तेथे गांधीजींच्या शिकवणुकीप्रमाणे ते खादीचा कोट घालू लागले. इंग्रज प्राध्यापकांना हे खपले नाही. म्हणून हुशार असूनही त्यांना एम.बी.बी.एस. ऐवजी खालची पदवी मिळाली.

तरुणपणीच त्यांच्या घरावर मोठे संकट आले. त्यांचे दोन भाऊ संग्रहणीने पाठोपाठ वारले. संग्रहणी हा आतड्याचा रोग. त्यात जुलाब थांबत नाहीत, जीभ सोलवटते, खाल्लेले अंगी लागत नाही, रक्त कमी होते आणि माणूस नुसता हाडांचा सापळा होतो. सुब्बारावांनाही हा रोग जडला होता, पण ते वाचले. या रोगावर औषध शोधायचेच, असे त्यांनी मनाशी पक्के केले.

ते अमेरिकेत बोस्टन शहरी हार्वर्ड विद्यापीठात शिकायला गेले. खिशात पैसे नव्हते. म्हणून रात्री इस्पितळात रोग्यांची भांडी धुण्याचे काम करायचे आणि दिवसा शिकायचे. कोणत्याच कामाची त्यांनी लाज धरली नाही. रक्तातील फॉस्फरस मोजण्याची त्यांची व फिस्क यांची रीत १९२५ साली प्रसिद्ध झाली.

सन १९४० मध्ये ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले. त्या आधी मुंबईत लुसी विल्स या इंग्रज डॉक्टरीण बाईंनी एक गोष्ट दाखवली होती. गरोदर गिरणी कामगार बायकांचे कमी झालेले रक्त यीस्टच्या अर्काने वाढते, असे त्यांना दिसले होते. यकृतातही असेच काहीतरी होते. ते नेमके काय, याचा शोध अनेकजण घेत होते. अखेर १९४५ साली सुब्बारावांच्या मंडळींनी फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार केले. क्यूबा देशात संग्रहणीच्या रोग्यांना ते दिले, तेव्हा त्यांची जीभ बरी झाली, भूक लागू लागली, रक्त वाढले.

त्यांच्याच हाताखाली १९४८ साली ऑरिओमायसिन हे जंतुनाशक औषध पुढे आले. टेट्रासायक्लिन जातीचे ते पहिले औषध. आजही संग्रहणीवर फॉलिक आम्ल आणि टेट्रासायक्लिन ही दोन औषधे देतात. दोन्हींची मुळे सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतच आहेत! हत्तीरोगावरची गोळी १९४७ साली तेथूनच आली. आपल्या विदर्भात हत्तीरोगाच्या मोहिमेत घरोघरी वाटतात ती हीच.

सुब्बाराव पुन्हा मायदेशी आलेच नाहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, ते अमेरिकेतच वारले. सन १९९५ मध्ये आपल्या सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

भावांना ते वाचवू शकले नाहीत. पण त्या दुःखातून त्यांनी जे शोधले, त्याने जगातली लाखो माणसे वाचली. तेव्हा मित्रांनो, नापास झालो म्हणून खचू नका, आणि शाळेत मिळणारी गोळी खिडकीतून फेकू नका. या थोर शास्त्रज्ञास आमचे शतशः प्रणाम!